पटाशी-रंध्यासाठी मध्यम दाण्याचा जपानी दगड: १००० घ्यावा की आणखी काही?

सागवानी, विश्रामबाग (सांगली)

नमस्कार. घरामागच्या खोलीत मी लाकूडकामाची लहानशी मांडणी केली आहे. सुट्टीच्या दिवशी सागवान आणि शिसवीचे पाट, चौरंग, लहान देव्हारे असे काम करतो. हत्यारे मोजकीच आहेत: सहा ते पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या पटाशा, ५० मिलिमीटर पात्याचा एक लोखंडी रंधा आणि आजोबांच्या वेळचा एक लाकडी रंधा. या जुन्या रंध्याचे पाते जाड असून मऊ लोखंडाला पुढे पोलादाची पट्टी जोडून ते घडवलेले आहे. घासल्यावर दोन्हींमधली रेष स्वच्छ दिसते.

आतापर्यंत मी गणपती पेठेत मिळणारा, एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड तेलावर वापरत आलो. त्याने धार येते, पण ती खरखरीत राहते. सागवान उभ्या रेषेत तासताना फारसे जाणवत नाही. शिसवीच्या आडव्या छेदावर पटाशी चालवली की मात्र तंतू कापले न जाता दबतात आणि पृष्ठभाग पांढुरका दिसतो. म्हणून पाण्यावर चालणारा एक जपानी दगड घ्यावा असे मनात आहे. सध्या एकच दगड घेणे परवडणार आहे, त्यामुळे तो मध्यम दाण्याचा असावा इतपत मला कळले आहे. पण ८००, १०००, १५०० आणि २००० हे सारे आकडे (आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक) ‘मध्यम’ म्हणूनच विकले जातात आणि किंग, शॅप्टन, नानिवा, सुएहिरो या कंपन्यांच्या किमतीत फरकही बराच दिसतो. यातले कोणते दगड पाण्यात भिजवून ठेवावे लागतात आणि कोणते नाही, आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने दगडावर काही परिणाम होतो का, आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या व विळी त्याच दगडावर चालतील का, हेही कृपया सांगावे.

कोयनाकाठ, कराड

तुमच्या प्रश्नात आकड्याला फार महत्त्व दिले गेले आहे आणि दगडाच्या बांधणीला कमी, असे मला वाटते. ८०० आणि १००० यांतला फरक हाताला क्वचितच जाणवतो. मऊ दगड आणि कठीण दगड यांतला फरक मात्र पहिल्याच घासणीत कळतो.

हे दगड बहुतेक सगळे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या, म्हणजे कृत्रिम कुरुंदाच्या, दाण्यांचे असतात. ते दाणे कशाने एकत्र धरले आहेत त्यावर दगडाचा स्वभाव ठरतो. किंगच्या १००० सारख्या दगडाचे दाणे सैल धरलेले असतात. पाते घासले की वरचे बोथटलेले दाणे सुटतात, खालचे नवे उघडे पडतात आणि सुटलेल्या दाण्यांचा पाण्याबरोबर गाळ होतो. हा गाळसुद्धा कापण्याचे काम करतो, म्हणून तो दर घासणीला धुऊन टाकू नये. याची दुसरी बाजू अशी की दगड लवकर झिजतो, आणि झिजतो तो मध्येच, कारण आपला हात मध्येच जास्त फिरतो.

हे सगळे मान्य करूनही, धंद्याने सुतार असलेला माणूस म्हणून मी पहिला दगड किंगचा १००० घ्या असेच सांगेन. तो तुलनेने स्वस्त आहे. त्याचा मोठा, डीलक्स म्हणून मिळणारा दगड साधारण २०७ मिलिमीटर लांब, ६६ रुंद आणि ३४ जाड असतो, त्यामुळे झिजला तरी पुष्कळ वर्षे पुरतो. शिवाय पाते दगडावर नीट टेकले आहे की टोकावर उभे राहिले आहे, ते मऊ दगडावर हाताला लगेच समजते. तुमच्या आजोबांच्या पात्यासाठी तर तो उत्तमच आहे. जोडपोलादाच्या पात्याची उतरती, म्हणजे धारेकडे तिरकी होत जाणारी, बाजू घासताना बराचसा भाग मऊ लोखंडाचाच असतो, आणि असे लोखंड काही कठीण दगडांवर चिकटून त्यांचे तोंड बुजवते. मऊ दगड आपले तोंड स्वतःच मोकळे करत राहतो.

एक गोष्ट मात्र दगडाबरोबरच विकत घ्या: दहा मिलिमीटर जाडीच्या काचेचा एक तुकडा आणि २२० नंबरचा वॉटर पेपर. काचवाल्याकडे कापून उरलेले तुकडे असतात, कडा मात्र त्याच्याकडूनच घासून घ्याव्यात. दगडावर पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा मारायच्या, काचेवर ओला कागद पसरून त्यावर दगड फिरवायचा आणि मधूनमधून उलटून पाहायचे. जिथल्या रेघा शिल्लक राहिल्या तिथे खळगा आहे. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला. त्यानंतर चारही कडा थोड्या मारून घ्याव्यात, नाहीतर त्यांचे टवके उडतात, आणि शेवटी दगड भरपूर पाण्याने धुवावा. कागदाचा एखादा भरड दाणा त्यावर राहिला तर चकाकत्या पात्यावर एकच खोल ओरखडा उठतो आणि तो कुठून आला याचा शोध लागत नाही.

हे काम कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण ते करत नाहीत. रंध्याच्या पात्याला थोडा बाक आलेला एक वेळ चालतो, पण पटाशीची पाठ खळग्याच्या दगडावर घासली की ती मध्ये फुगीर होते, आणि मग खाचेची बाजू सरळ उतरवणे अशक्य होऊन बसते.

कुपवाड वर्कशॉप

कोयनाकाठ यांचे बांधणीबद्दलचे म्हणणे योग्य आहे, पण आकड्यांचा घोळ मिटवल्याशिवाय प्रश्नकर्त्यांना तुलनाच करता येणार नाही, म्हणून तेवढे लिहितो. आमच्याकडे ग्राइंडिंगचे काम चालते, त्यामुळे या कोष्टकांशी रोजचा संबंध येतो.

जपानी मानकाप्रमाणे ८०० नंबरच्या दाण्याचा सरासरी आकार सुमारे १४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), १००० चा ११.५, १५०० चा ८, २००० चा ६.७ आणि ३००० चा ४ मायक्रॉन धरला जातो. युरोपात घासण्याच्या दगडांसाठी आकड्याआधी एफ लावणारे वेगळे मानक आहे, आणि त्यात १००० म्हणजे सुमारे ४.५ मायक्रॉन. म्हणजे तोच १००० हा आकडा जपानी मापात ३००० च्या जवळ जाऊन बसतो. वॉटर पेपरचे मानक तिसरेच आहे. पी १००० चा कागद १८ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जपानी ६०० ते ७०० इतका भरड असतो. ‘मी हजारच्या कागदावर धार लावली, मग हजारचा दगड कशाला?’ असा प्रश्न आमच्या दुकानात नेहमी विचारला जातो, त्याचे उत्तर हे आहे. त्यातही प्रत्येक कंपनी मानक तंतोतंत पाळतेच असे नाही. शॅप्टन आपल्या काचेवर बसवलेल्या १००० च्या दगडावर १४.७ मायक्रॉन असे छापते, जे मानकातल्या ८०० च्या जवळ जाते. तेव्हा दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ८०० आणि १००० समोरासमोर ठेवून निर्णय घेण्यात अर्थ नाही.

आता निवडीबद्दल. तुम्ही काम सुट्टीच्या दिवशी करता, ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. किंग किंवा सुएहिरो सेरॅक्स यांसारखे दगड वापरण्यापूर्वी पाण्यात बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावे लागतात. रोज दगड लागणारा सुतार तो बादलीतच ठेवतो आणि त्याला ते जड जात नाही. आठवड्यातून एकदा खोली उघडणाऱ्या माणसाला मात्र आधी दगड भिजवा, मग थांबा, मग धार लावा, मग दगड वाळवा हा क्रम नकोसा होतो आणि तो बोथट पटाशीनेच काम रेटू लागतो. बादली भरून ठेवावी म्हटले तर आपल्याकडे त्यात आठ दिवसांत डासांच्या अळ्या होतात. कोरडा दिवस पाळायला सांगणारे आरोग्य कर्मचारी आले की उत्तर काय देणार?

म्हणून माझी शिफारस शॅप्टन कुरोमाकू १००० ची राहील. तो नारिंगी रंगाचा असतो. नुसते पाणी शिंपडून लगेच वापरता येतो, फार वेळ भिजवायचा नसतो, आणि त्याची पेटी उलटवली की तीच बैठक म्हणून चालते. २१० मिलिमीटर लांब आणि ७० रुंद असल्यामुळे ५० मिलिमीटरचे रंध्याचे पाते थोडे तिरके धरूनही त्यावर मावते. जाडी मात्र फक्त १५ मिलिमीटर आहे, आणि ३४ च्या शेजारी ती ग्राहकाला फसवणूक वाटते. पण कठीण दगड इतका सावकाश झिजतो की घरगुती वापरात जाडीची तुलना अशी सरळ करता येत नाही. नानिवा प्रोफेशनल, जी मालिका पूर्वी चोसेरा या नावाने मिळत असे, तिचे ८०० आणि १००० हेही फार चांगले दगड आहेत आणि हाताला शॅप्टनपेक्षा मुलायम लागतात, परंतु ते महाग आहेत आणि त्यांची निगा जपून घ्यावी लागते. फार वेळ पाण्यात ठेवले किंवा ओले असताना उन्हात वाळत घातले तर त्यांना तडे जाऊ शकतात. सांगलीच्या एप्रिलमध्ये गच्चीवर दगड वाळवण्याचा विचारही करू नये.

१५०० आणि २००० ही आकर्षक मधली वाट दिसते, पण एकच दगड असताना ती घेऊ नये. सागवानात वाळूसारखा सिलिका असतो आणि तो धार लवकर मारतो. अशी मेलेली धार २००० वर परत आणायला इतके घासावे लागते की माणूस अर्ध्यावरच समाधान मानतो.

तंबोरा, मिरज

वरील दोन्ही मते सरळ पात्याच्या हत्यारांसाठी ठीक आहेत. आमचे काम वाद्यांचे आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर आणि गळ्याशी जी पानांची नक्षी असते, तिच्यासाठी गोल तोंडाच्या पटाशा लागतात, आणि मऊ दगडाचे खरे रूप तिथे दिसते. गोल पटाशी कितीही सावधपणे फिरवली तरी मऊ दगडावर तिची पन्हळ पडते आणि मग तोच दगड रंध्याच्या पात्याला निरुपयोगी होतो. म्हणून आमच्याकडे गोल हत्यारांसाठी कठीण दगड वेगळा असतो, आणि गोलाच्या आतील बाजूची लव (घासताना धारेवर उलटणारी बारीक कड) काढण्यासाठी योग्य व्यासाच्या लाकडी दांडीवर बारीक वॉटर पेपर गुंडाळतात. (जवारी लावण्याचे, म्हणजे तारांचा नाद खुलावा म्हणून तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून जुळवण्याचे, काम कानशीचे आहे, त्याचा या दगडांशी संबंध नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण हा प्रश्न बाहेरून येणारे हमखास विचारतात.)

प्रश्नकर्त्यांनी पाण्याबद्दल विचारले आहे. बोअरच्या जड पाण्याने दगड बिघडत नाही, पण तो वाळला की वर पांढरट पापुद्रा धरतो आणि पुढच्या वेळी पाते त्यावरून घसरते. थोडे पाणी घालून छोट्या नागुरा दगडाने (दगडाचे तोंड साफ करण्याच्या लहान दगडाने) किंवा दगडाच्याच एखाद्या तुकड्याने तोंड घासले की तो निघतो. नळाचे पाणी असेल तर ते वापरावे, एवढेच. त्याहून जास्त काळजी हत्याराची घ्यावी. पाण्यावर धार लावलेले कार्बन पोलाद पावसाळ्यात तासाभरातही तांबूस होऊ लागते. कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा. शेंगदाण्याचे तेल नको. ते काही दिवसांत चिकट होऊन त्यावर धूळ बसते.

तेलाच्या दगडाबद्दलही एक सूचना. तुमचा कार्बोरंडमचा दगड टाकून देऊ नका. पात्याला खाच पडली, कोपरा तुटला किंवा कोन बदलायचा असला तर ते काम १००० च्या दगडाचे नाही. ते आधी त्या भरड बाजूवरच करावे. मात्र त्या दगडावरून या दगडावर येताना पाते तेल न राहील असे पुसून यावे. जपानी दगडाच्या छिद्रांत तेल एकदा मुरले की त्याचे पाण्यावर चालणे बिघडते.

सागवानी, विश्रामबाग (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दाण्यांच्या मापाचा खुलासा वाचून बराच गोंधळ दूर झाला. भिजवण्याचा मुद्दा माझ्या परिस्थितीला तंतोतंत लागू पडतो, त्यामुळे माझा कल कुरोमाकू १००० कडे आहे. तरी दोन शंका उरतात. आजोबांच्या पात्यातील मऊ लोखंडामुळे कठीण दगडाचे तोंड बुजेल असे कोयनाकाठ यांनी लिहिले आहे. ते प्रत्यक्षात कितपत त्रासदायक ठरते? आणि १००० नंतर पुढचा बारीक दगड नसेल, तर शिसवीच्या आडव्या छेदाची माझी मूळ अडचण सुटेल का? सुऱ्या आणि विळीबद्दलही कोणी लिहावे.

कोयनाकाठ, कराड

माझे मत किंगच्याच बाजूचे आहे, पण सुट्टीपुरते काम करणाऱ्यासाठी भिजवण्याचा जाच खरा आहे, हे नाकारत नाही.

मऊ लोखंडाने तोंड बुजते म्हणजे दगडावर करड्या चकाकत्या रेघा दिसू लागतात आणि पाते कापण्याऐवजी सरकते. पाणी सढळ ठेवा, दाब कमी करा आणि रेघा दिसल्या की नागुरा फिरवा. एवढे केले तर काम अडत नाही. जाड पात्याची सगळी उतरती बाजू दर वेळी घासत बसण्याचीही गरज नाही. ती २५ अंशांवर ठेवून टोकाशी पाते किंचित उचलून ३० अंशांची अरुंद कड काढली, तर दगडाला लागणारा भाग बहुतेक पोलादाचाच राहतो आणि घासणीही थोडक्यात आटोपते.

शिसवीबद्दल सांगायचे तर नुसत्या १००० ने तुमची अडचण बरीच कमी होईल, पूर्ण जाणार नाही. मात्र पुढचा दगड घेण्याआधी १००० वरचे काम पुरे होते आहे का ते पाहा. उतरती बाजू घासताना पाठीकडे बारीक लव उलटते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. अंगठा पाठीवरून धारेच्या बाहेरच्या दिशेने हलकेच ओढला की ती अडकते. ही लव पात्याच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्ये लागते आणि कोपऱ्याला लागत नाही, अशा अवस्थेतच घासणे थांबवल्यामुळे बहुतेकांची धार अपुरी राहते आणि दोष दगडाला जातो. लव सलग आल्यावर पाठ दगडावर पूर्ण सपाट ठेवून ती काढायची, मग दाब कमी करत दोन्ही बाजू आळीपाळीने घ्यायच्या, आणि शेवटी लाकडी पट्टीवर चिकटवलेल्या चामड्याला हिरवी पॉलिश, म्हणजे क्रोमियम ऑक्साइडची वडी, चोळून त्यावर पाते फक्त मागे ओढायचे. एवढ्याने शिसवीचा आडवा छेद गुळगुळीत उतरू लागतो. पुढे जमेल तेव्हा ५००० किंवा ६००० चा दगड घ्यावा; ३००० ला थांबण्याचे मला कारण दिसत नाही.

कुपवाड वर्कशॉप

सुऱ्यांचे उत्तर राहिले आहे. घरातल्या नेहमीच्या स्टेनलेस सुऱ्यांचे पोलाद पटाशीपेक्षा मऊ असते. त्यांना प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा कोन ठेवून १००० पर्यंतच न्यावे. भाजी चिरायला, विशेषतः टोमॅटोची साल धरायला, तेवढी खरखर उपयोगाचीच असते, आणि फार बारीक केलेली धार या पोलादात टिकतही नाही. अशा सुऱ्यांची लव लांब आणि चिवट निघते; ती एका बाजूकडून दुसरीकडे नुसती वाकत राहते, म्हणून शेवटच्या घासण्या अगदी हलक्या हाताने घ्याव्यात.

विळी दगडावर नेता येत नाही. दगडच विळीकडे न्यावा लागतो, आणि २१० मिलिमीटरचा दगड हातात धरून बाकदार पात्यावर चालवण्यात बोटाला धोका आहे. त्यासाठी तुमच्या जुन्या कार्बोरंडमच्या दगडाचा तुकडा किंवा बारीक दात्यांची कानस पुरेशी आहे. खुरपे आणि कोयताही कानशीवरच ठेवावेत.

आणि खरेदी करताना एक पाहावे. ‘जपानी पद्धतीचा’ असे लिहिलेले, कंपनीचे नाव नसलेले, एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ६००० छापलेले दगड पुष्कळ विकले जातात. मी पाहिलेल्या अशा एका दगडाच्या दोन्ही बाजूंनी पात्यावर सारखेच ओरखडे उठत होते, फक्त रंग वेगळे होते. दगड हातात आल्यावर पटाशीची पाठ त्यावर थोडी घासून उन्हात तिरकी धरावी. ओरखडे एकसारखे बारीक आणि मंद करडे दिसले तर दाणा एकजात आहे. त्यात मधूनच एखादी खोल रेघ चमकली तर दगड धुऊन पुन्हा घासावा, आणि तरीही ती रेघ येत राहिली तर परत करण्याची मुदत संपण्याआधी दगड परत पाठवावा.